पाणबाजूची खिडकी

३ फेब्रुवारी

भाऊजी,

तुमच्या गुडघ्याची चौकशी करायची आहे, पण ती शेवटी जागा उरली तर. आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या. गोदी लाइनवर जुन्या धान्यवखारीत गोण्या शिवायला बसायची ती बाई कोण?

माहीत नाही म्हणू नका. डिझेल येईपर्यंत तुम्ही यांच्या इंजिनावर फायरमन होता. यांनी चालवायचं, तुम्ही कोळसा टाकायचा. डबा एक, चहाचं भांडं एक. यांना शिंक आली तर ती आधी तुम्हाला कळायची, मला मागाहून.

झालं असं, की लाइन आता कायमची बंद होणार. रूळ काढून तिथं लोकांना हवा खात चालायला रस्ता करणार आहेत. उभ्या हयातीत त्या रुळांनी कुणाला सुखानं चालू दिलं नाही, आता हे. तर त्याआधी लाइनचा इतिहास लिहून ठेवावा म्हणून ग्रंथालयातून एक मुलगी येते. आम्ही तिला इतिहासवाली म्हणतो. रेकॉर्डर टेबलावर ठेवते आणि गोड बोलून माणसाच्या पोटातलं काढून घेते.

मी तिला आमची शिट्टी सांगितली. एक लांब, दोन आखूड, पुन्हा एक लांब. संध्याकाळी परतीची गाडी गल्लीच्या तोंडाशी आली की ती व्हायची. मी आधण ठेवायची आणि खिडकीत धावायची. समोरच्या दोन भिंतींची फट एवढीशी, इंजिन सावकाश आलं तरी दिसतं न दिसतं तोच आड व्हायचं. धूर, वाफ, आणि त्यातून हलणारं एक निळं फडकं. मी हात हलवायची. झालं, एवढंच. पण यांनी मला अंगावर घालायला कधी काही आणलं नाही, भाऊजी. माझा दागिना म्हणजे ती शिट्टी. हे सांगताना माझा ऊर भरून आला होता.

तर ही पोरगी काय म्हणते, "काकू, गंमत बघा, हीच शिट्टी मला वखारीतल्या आजींनी पण तोंडानं वाजवून दाखवली. सकाळी गोदीकडे जाताना व्हायची म्हणे. आणि निळं फडकंसुद्धा!"

गंमत! सकाळी तिला, संध्याकाळी मला. उरलेलं दुपारी कुणाला होतं तेवढं विचारायचं राहिलं.

पुस्तकात त्या बाईची हकिकत छापायची आणि तिच्या शेजारी यांचा फोटो घालायचा, असं तिचं चाललंय. फोटोसाठी माझी सही हवी. मी म्हटलं, विचार करून सांगते. हे जाऊन तीन वर्षं झाली. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. खरं काय ते लिहा.

वहिनी


११ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र भाची मोठ्यानं वाचून दाखवत होती. चौथ्या ओळीला मी ते तिच्या हातातून ओढून घेतलं. आता घरात सगळे माझ्याकडे निराळ्याच नजरेनं बघतात. या वयात माझी अब्रू वाढवल्याबद्दल आभारी आहे.

लाइनचा इतिहास हवा तर त्या मुलीला माझ्याकडे पाठवा. तुम्हा काठावरच्या लोकांना शिट्टी आणि धूर एवढंच ठाऊक. आमचे जुने ड्रायव्हर सांगायचे, लाइन नव्हती तेव्हा जहाज समुद्र ओलांडून यायचं, आणि त्यातलं धान्य गोदीपासून मोठ्या यार्डात जाईतो गाड्यांच्या रांगेत पडून त्याला मोड यायचे. मग टेकडीखालून बोगदा खणला, आणि पुढं वस्तीतून सरळ रूळ टाकले. वस्तीला कुणी विचारलं नाही. ज्याचं घर आडवं आलं त्याचं अर्धं कापलं. तुमच्या समोरच्या त्या दोन भिंती म्हणजे एकाच घराच्या दोन बाजू आहेत, हे तुम्हाला कुणी सांगितलं का कधी?

वस्तीत कुंपण नव्हतं, म्हणून इंजिनापुढं लाल निशाण घेऊन एक माणूस चालायचा. शहरातलं सर्वांत ताकदीचं इंजिन, पण चालायचं निशाणवाल्याच्या चपलांच्या वेगानं. त्याला टाचेला भोवरी झाली की गोदीतली जहाजं खोळंबायची.

आता शिट्टीचं. वखारीपाशी वळण आहे. वळणावर शिट्टी द्यायची हा नियम. त्या बाईनं ती आपल्यासाठी समजली असेल तर बिचारीचा काय दोष? गोण्या शिवणं कंटाळवाणं काम आहे. आणि फडक्याचं म्हणाल तर आमच्या हातात कायम फडकं असायचंच. घाम कोण पुसणार?

सही करून टाका. दादाचा फोटो पुस्तकात येऊ दे, त्याला आवडलं असतं. बाकी कोळसा उगाळावा तितका काळाच, हे कोळशात जन्म काढलेल्या माणसाकडून ऐका.

गुडघा आहे तसाच आहे. विचारलं नाहीत तरी सांगितलं.

तुमचा भाऊजी


२० फेब्रुवारी

भाऊजी,

वळण!

मी काल इतिहासवालीला बरोबर घेऊन वखारीपर्यंत चालत गेले. रूळ अजून आहेत. त्या वखारीच्या दोन्ही बाजूंना नजर जाईल तिथवर लाइन आखल्यासारखी सरळ आहे. वळण सोडा, तिथं साधा वाकडा खिळासुद्धा सापडायचा नाही. इतकी वर्षं रोज तिथून गेलात आणि वळण आठवतं? ताकाला जाऊन भांडं लपवायचं हे वय आहे का तुमचं?

आणि तिला भेटले. हो, भेटले. जाताना चांगले कपडे घातले, केस दोनदा विंचरले. का ते विचारू नका.

वखारीच्याच माथ्यावर एका खोलीत राहते. माझ्याहून दोन-तीन वर्षांनी लहान असेल, सगळे दात शाबूत. केस काळे, कलप असणार. अजून शिवतेच, आता बाजाराच्या पिशव्या. मी कोण ते सांगितलं नाही. इतिहासवालीची मावशी म्हणून बसले. चहा केला तिनं. चांगला होता. हे लिहिताना हात जड झालाय, पण चांगला होता.

तिनं शिट्टी वाजवून दाखवली. भाऊजी, मला वाटलं होतं चुकेल कुठंतरी. लांब थोडी कमी, आखूड तीन, असं काहीतरी निघेल आणि मी हसत घरी येईन. नाही. हुबेहूब. दुसरं लांब शेवटी जरा खाली उतरायचं ना, तेही तसंच.

म्हणाली, "ड्रायव्हर होता तो. तोंड कधी नीट दिसलं नाही बाई, वाफेत नुसता हात दिसायचा. पण मी बाकीच्या बायकांच्या आधी येऊन खिडकीतली जागा धरायची. एकदा मी आजारी पडले, चार दिवस गेले नाही, तर पाचव्या दिवशी शिट्टी इतकी वाजली की मुकादम बाहेर आला शिव्या देत." आणि हे सांगताना लाजली. या वयात! माझ्यासमोर!

मी विचारलं, मग पुढं काय झालं? तर म्हणाली, पूल उघडबंद करणारा एक माणूस होता, त्याला तिनं धीर करून विचारलं, या इंजिनावर असतो तो कोण? तो म्हणाला, त्याचा नाद सोड, तो ड्रायव्हर बायकोवाला आहे, घरात तान्हं मूल आहे. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकी लावून घेतली. आणि जागा बदलून आतल्या भिंतीशी बसली. तिथं उजेड नव्हता, टाके वाकडे पडायचे, मुकादम मजुरी कापायचा. तरी परत खिडकीत गेली नाही. पुढं एका क्रेनवाल्याशी लग्न केलं. तोही गेला.

मला तिची दया यायला हवी होती. नाही आली. मी तिच्या हातांकडे बघत होते. तो पूलवाला ज्याला तान्हं मूल म्हणाला तो माझा थोरला. मी त्याला मांडीवर घेऊन खिडकीत उभी राहायची, आणि बाप सकाळी दुसऱ्या खिडकीसाठी शिट्टी फुंकून आलेला असायचा!

घरी आल्या आल्या यांचा फोटो भिंतीकडे तोंड करून लावला. सून विचारते, हे काय? म्हटलं, त्यांना जरा भिंत बघू दे.

सही मी करणार नाही. आणि तुम्ही आता खोटं लिहिणार असाल तर पुढचं पत्र टाकू नका.

वहिनी


२८ फेब्रुवारी

वहिनी,

फोटो आधी सरळ करा. मग पुढचं वाचा.

वखारीपाशी वळण नाही. घाबरून लिहिलं. आता नीट सांगतो.

आमच्या लाइनवर डावं-उजवं कुणी म्हणायचं नाही, कारण गाडी परत फिरली की डाव्याचं उजवं व्हायचं. आम्ही म्हणायचो पाणबाजू आणि टेकडीबाजू. गोदीत इंजिन फिरवून उलटं करायची सोय नव्हती. जाताना ते तोंडानं जायचं आणि येताना पाठीनं. म्हणजे इंजिन जन्मात कधी वळलं नाही, आणि त्याच्यावरची माणसंही नाहीत. दादाची जागा कायम टेकडीबाजूला. माझी कायम पाणबाजूला. जाताना तीच, येताना तीच.

वखार पाणबाजूला आहे. शिवाय तिथं निशाणवाला पुढं चालायचा, आणि निशाणवाला पुढं असला की ड्रायव्हरनं बाहेर वाकून त्याच्यावरची नजर हलवायची नाही. दादानं ती खिडकी आयुष्यात एकदाही पाहिलेली नाही. शिट्टीची साखळी मात्र आडवी होती, दोघांच्याही हाताला यायची.

हात माझा होता, वहिनी. शिट्टी मी ओढायचो. तिच्यासाठी.

तुम्ही चोर सोडून संन्याशाला फाशी दिलीत. दादानं मला एकदोनदा हटकलंही, काजळ्या, इथं कुणाला बोलावतोस? मी म्हणायचो, कुत्रं आडवं आलं होतं.

खाली उतरून तिच्याशी बोलायची सोय नव्हती, गाडी तिथं थांबायची नाही. सुटीच्या दिवशी जायचं ठरवायचो, आणि आरशात तोंड बघून परत बसायचो. कोळसा कातडीत मुरतो, घासून जात नाही. मग एक दिवस खिडकी बंद झाली. मी म्हटलं, बघितलं असेल तिनं मला जवळून कुठंतरी. काळं माणूस कुणाला हवं? तेव्हापासून मी तो विषय मिटवला. लग्न का केलं नाहीस म्हणून तुम्हीच मला किती छळलंय, आठवतं?

आणि आता तुमच्या पत्रात वाचतो, की ती मला दादा समजली. पूलवाल्यानं ड्रायव्हरचं सांगितलं. इंजिनावर दोन माणसं असतात हे कुणाच्याच डोक्यात येत नाही. सगळं ड्रायव्हरचं. इंजिन ड्रायव्हरचं, शिट्टी ड्रायव्हरची. माझी खिडकीही त्याच्याच नावावर बंद झाली.

तिला काही सांगू नका. टाके वाकडे पडायचे म्हणालात, ते मी पुनःपुन्हा वाचतो आहे.

भाऊजी


५ मार्च

भाऊजी,

फोटो सरळ केला, काच पुसली, आणि यांची हात जोडून माफी मागितली. सून दारातून बघत होती. तिला वाटतं, सासूचं डोकं फिरलं. फिरू दे. आज मी कित्येक दिवसांनी पोटभर जेवले.

अहो, एवढं मनात ठेवलंत? एका शब्दानं सांगितलं असतंत तर मी स्वतः वखारीत जाऊन तिला उचलून आणली असती. काळा म्हणे! यांच्या अंगावर काय दूध ओतलेलं होतं? मला तुमच्यासाठी वाईट वाटतंय, खरंच वाटतंय. पण आनंद इतका झालाय की वाईट वाटायला आत जागा नाही. रागावू नका. माझा माणूस मला परत मिळाला.

सही करते उद्या. आणि आता कळलं म्हणून सांगते, तिचे केस कलपाचे नसावेत. चांगली बाई आहे.

वहिनी


१९ मार्च

भाऊजी,

मागच्या पत्राचं उत्तर यायच्या आधीच हे लिहिते आहे.

इतिहासवाली फोटो न्यायला आली होती. मला फार शहाणपण आलेलं. म्हटलं, ये, तुला लाइनची भाषा शिकवते. आमच्या लाइनवर डावं-उजवं नसतं, पाणबाजू आणि टेकडीबाजू असते. ड्रायव्हर टेकडीबाजूला, फायरमन पाणबाजूला, इंजिन कधी वळत नाही. तिनं सगळं लिहून घेतलं. मग पेन थांबवून सहज विचारलं, "काकू, पण तुमचं घरही पाणबाजूलाच आहे ना?"

भाऊजी, आमचं घर पाणबाजूला आहे.

मागच्या दारी खारा वारा येतो म्हणून कपडे वाळत नाहीत, हे मी लग्नापासून बोंबलत आलेय. मला कळायला हवं होतं ना? माझ्या खिडकीला इंजिनाची जी बाजू दिसायची ती पाण्याकडची. आणि आमच्या गल्लीतही निशाणवाला पुढं चालायचा. मग ते निळं फडकं कुणाचं?

रात्रभर एक-एक आठवत गेलं. डिझेल आलं, तुमची मोठ्या लाइनवर बदली झाली, आणि त्याच आठवड्यात शिट्टी बंद झाली. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "डिझेलचा भोंगा असा वाजवायला मनाई आहे." मी मानलं. महिनाभर संध्याकाळी उगाच खिडकीत जायची आणि नुसतीच डिझेलची घरघर ऐकून परत यायची. आता वाटतं, मनाई कसली? ओढणारा हातच गेला होता.

मी कुणाला हात हलवत होते? सरळ सांगा. मला बरं वाटेल असं काही लिहू नका, ते माझ्या लगेच लक्षात येतं.

वहिनी


१० एप्रिल

वहिनी,

तीन वेळा लिहून फाडलं. तुम्ही हे विचाराल हे मला आधीच्या पत्रातच कळायला हवं होतं. दादाला सोडवायच्या नादात मी तुमचीच खिडकी फोडली.

तुमचं लग्न झालं त्या आठवड्यात गल्लीच्या तोंडाशी आल्यावर दादा म्हणाला, "काजळ्या, माझे हात अडकलेत, जरा साखळी ओढ. घरी कळलं तर गरम जेवण मिळेल." मी ओढली. नुसती ओढायची कशी, म्हणून लांब, दोन आखूड, लांब अशी बसवली. तुम्ही खिडकीत आलात आणि हात हलवलात. मी फडकं हलवलं, दादाच्या वतीनं. मग वळून त्याला सांगितलं, "वहिनी आल्या होत्या." तो निशाणवाल्यावरची नजर न काढता म्हणाला, "बरं."

त्यानं मला परत कधी सांगितलं नाही. परत कधी सांगावं लागलंही नाही.

दादा वाईट नव्हता. तुमच्यावर त्याचा जीव होता, तो बोलून दाखवणाऱ्यातला नव्हता एवढंच. शिट्टी आपलीच असं तुम्ही समजता, हे त्याला ठाऊक होतं. एकदा मला म्हणाला, "तिला सांगू नकोस, फार खूश असते." यात तुम्ही त्याचं प्रेम बघा.

पण मला हेवा वाटायचा. आता लिहितोच. तुमच्याबद्दल माझ्या मनात वावगं काही नव्हतं, हे त्रिवार सांगतो. हेवा दादाचा वाटायचा. एक माणूस दिवसभर कोळशाच्या धुरात उभा असतो, आणि संध्याकाळी कुणीतरी हातातलं काम टाकून त्याच्यासाठी खिडकीत धावतं, आणि तो म्हणतो, बरं! गाडी शेडमध्ये लावली की तो गरम जेवणाकडे जायचा आणि मी खानावळीत. शिट्टी माझी, आधण त्याच्या घरी. मी आतून पेटलेला असायचो.

मग मला वाटलं, आपल्याला शिट्टी येते. आपल्यासाठीही कुणी खिडकीत येऊन बघू दे. वखारीत एक मुलगी बसलेली दिसायची. तिच्यासाठी ओढली. दुसरी मला येत नव्हती, म्हणून तीच. ती आली. पहिल्यांदा कुणीतरी मला हात हलवला, दादाला नाही. निदान मला तसं वाटत होतं.

एवढंच आहे. आता तुम्ही माझाही फोटो भिंतीकडे फिरवा.

भाऊजी


२२ एप्रिल

भाऊजी,

तुमचा फोटो माझ्याकडे नाही, नाहीतर फिरवला असता.

पत्र वाचलं. आधी यांचा राग आला, त्या 'बरं'चा. मग तुमचा. मग लक्षात आलं, की यांच्यावर रागावतेय ते बायको म्हणून, पण तुमच्यावर जे रागावतेय ते काही निराळंच आहे. लपवून काय करू? इतके दिवस मी त्या बाईवर जळत होते, कारण तिनं माझ्या नवऱ्याची शिट्टी घेतली असं वाटत होतं. आता नवरा त्यातून सुटला, तरी मी तिच्यावर जळतेच आहे. उलट जास्त. माझ्यासाठी तुम्ही साखळी ओढलीत ती यांनी सांगितलं म्हणून. तिच्यासाठी कुणी सांगितलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, परत कधी सांगावं लागलं नाही. ती ओळ मी वाचली आहे. पुष्कळदा वाचली आहे. तिच्यावर मी तुम्हाला काही विचारणार नाही आणि तुम्हीही काही लिहू नका. मला माझ्या घरात, यांच्या फोटोसमोर राहायचं आहे.

काल मी वखारीत गेले. एकटीच. या खेपेला मी कोण ते सांगितलं. तिचा चेहरा पांढरा पडला. म्हणाली, "बाई, शपथेवर सांगते, माझ्या मनात पाप नव्हतं. कळलं त्या दिवशी खिडकी लावली." म्हटलं, माहीत आहे. आणि मग तिला दोन बाजू सांगितल्या, तुम्ही मला सांगितल्या तशाच. तो ड्रायव्हर नव्हता, फायरमन होता. बिनलग्नाचा होता. अजून आहे.

तिला कळायला वेळ लागला. मग शिवणाचं कापड तोंडावर धरून रडली. मी बसून राहिले. मला तिच्या पाठीवरून हात फिरवता आला असता. नाही फिरवला. तेवढं मोठं मन मला कुठून येणार?

तुमचा पत्ता दिला. देताना एक क्षण वाटलं, घर क्रमांक चुकीचा सांगावा. तिला वाटलं असतं, माणूस सापडला नाही, आणि आणखी काही वर्षांत आपण तिघंही संपलो असतो. बरोबर सांगितला. वाचून खात्री करून घेतली.

पुस्तकात तिची हकिकत येईल. ड्रायव्हरच्या जागी फायरमन छापायला सांगितलंय. यांचा फोटो वेगळ्या पानावर जाईल, बोगद्याच्या चित्राशेजारी. माझ्या शिट्टीचं जे रेकॉर्ड केलं होतं ते मी इतिहासवालीला पुसायला लावलं. ती फार हळहळली, म्हणाली काकू, सगळ्यांत सुंदर तेच होतं. म्हटलं, असू दे. लाइनचा इतिहास तुला दिला, हे देणार नाही.

हे वाचाल तोवर तिचं पत्रही तुम्हाला पोहोचलं असेल. गुडघा दुखला तरी जा. आणि ती एक गोष्ट नक्की विचारेल, कुठलीही बाई विचारेल, की ही शिट्टी तुम्हाला सुचली कशी. तेव्हा माझ्या गल्लीचं नाव काढू नका. सांगा, तुझ्यासाठीच बसवली. बेधडक खोटं बोला. मला इतकी वर्षं ज्या सुखात ठेवलंत, त्याच सुखात तिलाही ठेवा.

भेट कशी झाली ते मात्र मला कळवू नका. मला सोसवायचं नाही.

वहिनी